वाघी व्याली तो हिवाळा

मार्गशीर्ष लागला की शहापुरात सकाळी दुचाक्यांच्या सीटवर दव साचतं, नाक्यावरचा चहावाला कानाला मफलर गुंडाळून उभा राहतो आणि कुठल्या तरी जिन्याखालून बारीक कुंईकुंई ऐकू यायला लागते. भादव्यात कुत्र्यांचा जो धिंगाणा चाललेला असतो, त्याचं हे फळ. यंदा आमच्याच इमारतीच्या जिन्याखाली, मोडक्या सायकलींच्या मागे एक तांबूस कुत्री व्याली. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई माझ्या दारात उभ्या.

"वहिनी, ती कुत्री माझ्या अंगावर आली. चावरी आहे. कुणाला तरी सांगून तिला लांब सोडायला हवं."

"तुम्ही जिन्याखाली वाकला होतात का?"

"मग? माझा झाडू असतो ना तिथे."

मी त्यांना माझा झाडू दिला. मग खाली गेले, कुत्रीकडे न बघता, थोडी लांबूनच जिन्याच्या कठड्याला एक जुनी चादर बांधली. तिला आडोसा झाला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ती दिसेनाशी झाली. खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना सांगितलं की चेंडू चादरीमागे गेला तर मला हाक मारायची, कुणी आत हात घालायचा नाही. तेवढं केलं आणि वर येऊन चहा ठेवला. चहा उकळून उकळून काळा झाला तरी मी ओट्याशी तशीच उभी. मन केव्हाच मुरबाडच्या रस्त्याला लागलं होतं, म्हशाच्या अलीकडच्या आमच्या गावाला, माझी लेक मुक्ता पहिलीत होती त्या हिवाळ्यात.

हिवाळा तसा दरवर्षीच येतो. पण मला एकच हिवाळा आठवतो. भाताची कापणी उरकलेली, शेतात उरल्या ओलीवर वाल पेरलेला आणि त्याची दोन दोन पानं वर आलेली. घरामागे खळ्यावर झोडणी चाललेली. भाताची तूस अंगाला चिकटून सगळ्यांना खाज सुटायची. खळ्याच्या कडेला पेंढ्याची उंच उडवी रचलेली, आणि त्या उडवीच्या पोटात, पेंढा उकरून केलेल्या बिळात, आमची वाघी व्यालेली.

वाघी ही आमचीच म्हणायची. अंगावर पिवळे-काळे पट्टे होते म्हणून मुक्ताच्या बाबांनी तिचं नाव वाघी ठेवलं. वाघासारखं तिच्यात बाकी काही नव्हतं. मुक्ताला शाळेपर्यंत सोडायची, बांधावर बसून राहायची, शाळा सुटली की पुन्हा तिच्या मागे चालत घरी. मुक्ता तिच्या गळ्यात पडायची, तिचे कान ओढायची, तिच्या पाठीवर डोकं ठेवून झोपायची. वाघी मान वळवून दुसरीकडे बघायची, जांभई द्यायची. आम्हाला वाटायचं, किती गरीब आहे. ती जांभई झोपेची नव्हती, 'पुरे कर आता' असं ती सांगत होती, हे आम्हाला फार पुढे समजलं.

त्या दिवशी दुपारी मी खळ्यावर भाकऱ्या घेऊन गेले होते. सुकटीचं कालवण होतं. माणसं हातपाय धुऊन जेवायला बसत होती. तेवढ्यात उडवीमागून मुक्ताचा आवाज आला. ती ओरडली नाही. श्वास आत ओढून घेतल्यासारखा तुटका आवाज होता तो. मी धावले. मुक्ता उभी होती, डाव्या हाताच्या कोपराखालून रक्त वाहत होतं, आणि वाघी बिळाच्या तोंडाशी अंग आक्रसून, दात दाखवत, थरथरत उभी होती. पायाशी एक पिल्लू वळवळत होतं. ते मुक्ताच्या हातून पडलं होतं.

सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं चुना लाव, कुणी म्हणालं तिखट भर, विष उतरतं. मुक्ताच्या बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी तिला उचललं आणि हातपंपाशी नेलं. ते हापसत राहिले, मी अंगाचा साबण लावून जखम धुवत राहिले. पाणी गार होतं, पोर रडत होती, मला वाटे आता पुरे, तर ते म्हणायचे, "अजून. अजून धू." रक्त थांबलं, मग स्वच्छ फडकं गुंडाळून आम्ही मोटारसायकलवर मुरबाडला दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी जखम पुन्हा धुतली, जखमेभोवती एक इंजेक्शन दिलं, दंडात एक दिलं, पुढच्या तारखा सांगितल्या आणि बजावलं की एकही चुकवायची नाही. मग मुक्ताला पेढ्याचा तुकडा देऊन त्यांनी विचारलं, "कुत्रीनं तुला चावायच्या आधी काय केलं गं?"

मला हा प्रश्न विचित्र वाटला. पण मुक्ताला सगळं आठवत होतं.

"ती पिल्लांना पाजत होती. मी बसले तर तिनं चाटायचा थांबवला. मग दगडासारखी झाली. मग डोळे असे केले," आणि तिनं मान न हलवता डोळे तिरके करून दाखवले, नुसतं पांढरं दिसेल असे. "मग गुरगुरली. मी तिला म्हटला, गप गो वाघी, मी एकच घेते."

"म्हणजे तिनं तुला कितीदा तरी नको म्हटलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुला ते कळलं नाही. मोठ्यांनाही कळत नाही. कुत्रं कधी उगाच चावत नाही, आधी सांगतं. आपण ऐकलं नाही तर मग त्याच्याकडे दातच उरतात."

मग त्या आमच्याकडे वळल्या. "कुत्री तुमचीच आहे ना? तिला मारू नका, हाकलू नका. काही दिवस नजरेसमोर ठेवा, ती धडधाकट राहते का बघा. इंजेक्शनं मात्र तरीही पुरी करायची."

आम्ही हो म्हटलं. दिवेलागणीला घरी पोचलो तर वाघी नव्हती.

बाळूदादा, म्हणजे यांचे थोरले चुलतभाऊ, ओट्यावर बसले होते. त्यांच्याकडे टेम्पो होता. त्यांना त्या दिवशी कसाऱ्याकडे पेंढा पोचवायचा होता.

"केला बंदोबस्त," ते म्हणाले. "घोंगडी टाकून धरली न् टेम्पोत घातली. उंबरमाळीच्या रानात सोडून आलो. आता परत येत नाय."

मुक्ताच्या बाबांनी ऐकून घेतलं आणि मुक्ताला उचलून आत नेलं. बाळूदादांना वाटलं, आपलं काम पसंत पडलं. त्यांचा त्यात वाईट हेतू नव्हता. पोरीचं रक्त त्यांनी पाहिलं होतं आणि आम्ही परत यायच्या आत आपण काहीतरी करावं, असं त्यांना वाटलं होतं. त्यांचा मुक्तावर फार जीव होता.

पण उडवीत पिल्लं होती. नुकते डोळे उघडलेली. ती ओरडायला लागली. आधी बारीक, मग जोरात, मग दमून पुन्हा बारीक. मी शेळीचं दूध कोमट करून कापसाच्या बोळ्यानं पाजलं. थोडं पोटात, बरंच माझ्या पदरावर. मुक्ता दारातून बघत होती. जवळ यायला तयार नव्हती आणि आत जायलाही तयार नव्हती.

"वाघी कुठाय?" तिनं विचारलं.

"लांब," मी म्हटलं.

"मग यांना कोण पाजणार?"

मुक्ताचे बाबा उठले, पायात चपला सरकवल्या आणि बाळूदादांच्या घरी गेले. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. परत आले तेव्हा म्हणाले, "सकाळी जायचं. दादा येतोय. जागा त्यालाच ठाव हाय."

माणूस गेल्यावर त्याची मोठी मोठी कामं आठवत नाहीत. मला त्यांचं ते चपला सरकवून उठणं आठवतं. कुणावर न रागावता, कुणाला न दुखावता, जे करायचं ते करायला उठणं.

सकाळी मुक्ताला शहापूरला माझ्या भावाकडे ठेवायचं आणि आपण पुढे जायचं, असं आमचं ठरलं होतं. एक पिल्लू बरोबर घ्यावं, ही कल्पना मुक्ताचीच. "वाघीला आमी ऐकू येणार नाय, पण तो ऐकू येईल," ती म्हणाली. सर्वांत जास्त ओरडणारं पिल्लू आम्ही टोपलीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर ठेवलं. टोपली माझ्या मांडीवर, मुक्ता मला चिकटून, पण टोपलीच्या दुसऱ्या बाजूला. किन्हवलीपर्यंत धुकं होतं. रस्त्याकडेला शेकोट्या पेटलेल्या, माणसं पोती पांघरून बसलेली. शहापूरला पोचलो तर मुक्ता टेम्पोतून उतरेचना. भाऊ समजावत होता, खाऊ दाखवत होता. ती सीटला धरून बसली.

"मला बघायचाय ती जिवंत हाय का," ती म्हणाली. बाळूदादांनी गाडी सुरू केली.

हायवे सोडून आत वळलो. सागाची पानं वाळून करकरीत झाली होती. जिथे वाघीला सोडलं ती जागा रिकामी होती. खूप हाका मारल्या. "वाघी, वाघी." रानातून नुसता आमचाच आवाज परत यायचा. वाटेत लाकडाच्या मोळ्या घेऊन दोघी बायका येत होत्या. त्यांना विचारलं. त्यातली एक म्हणाली, "पट्ट्याची कुत्री ना? काल सांजचं टेसनाजवळ फिरत होती. पोरांनी दगडं मारली. मंग वर गेली." आणि तिनं हनुवटीनं टेकडीची बाजू दाखवली.

आम्ही टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावली. मुक्ताच्या बाबांनी हाका मारायच्या थांबवल्या. टोपली टेम्पोच्या हौद्यात ठेवली, मागचा फाळका खाली पाडला. "आता सगळ्यांनी बाजूला व्हा," म्हणाले. आम्हाला दोघींना त्यांनी पुढे केबिनमध्ये बसवलं. स्वतः रस्त्याच्या कडेला, टेम्पोपासून थोडं लांब, टेकडीकडे पाठ करून मातीत बसले. पिल्लू ओरडायला लागलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन टपावर आलं. मग मुक्तानं माझा हात दाबला. झुडपाआडून वाघी बाहेर आली होती. शेपूट पायात, कान मागे पडलेले, पाठ वाकलेली. तिची आचळं दुधानं ताठली होती आणि चालताना धुळीत थेंब पडत होते. तिनं कान टवकारले, पुन्हा पाडले. बाळूदादा हातात दोर घेऊन तिच्याकडे निघाले. ती जागच्या जागी थिजली. वरचा ओठ उचलला गेला.

"दादा," मुक्ताचे बाबा बसल्या जागेवरून, आवाज न चढवता म्हणाले, "मागं ये. दोर खाली ठेव. तिच्या डोळ्यात बघू नको."

"अरे, पळंल ती."

"नाय पळत. तिला तुझी भीती वाटते. काल तूच धरली होती ना तिला."

बाळूदादा मागे आले. दोर जमिनीवर टाकला आणि तेही यांच्याशेजारी पाठ करून बसले. दोन मोठी माणसं रस्त्याच्या कडेला, शाळेत शिक्षा झाल्यासारखी तोंड फिरवून बसलेली. वाघी दोन पावलं पुढे यायची, थांबायची, जमीन हुंगायची, नाक चाटायची. मुक्ता माझ्या कानात एकेक सांगत होती. "आई, थांबली. आई, आता इकडं बघतेय. आई, शेपूट थोडी वर झाली." मग वाघी एकदम धावली आणि उडी मारून हौद्यात चढली. पिल्लाचा आवाज बंद झाला.

परतीच्या वाटेवर मुक्ता सीटवर गुडघ्यांवर उलटी बसली होती, मागच्या काचेला नाक लावून. त्या काचेच्या आडून ती वाघीला पहिल्यांदा इतका वेळ, हात न लावता, नुसती बघत होती. बाळूदादा गाडी हळू चालवत होते. गतिरोधक आला की जवळजवळ थांबवत होते. शेनवं गाव मागे पडल्यावर म्हणाले, "मला वाटला, मी चांगला केला."

"पोरीसाठीच केलास, दादा," मुक्ताचे बाबा म्हणाले. विषय संपला.

वाघी परत आली, पण मुक्ताची भीती गेली नाही. उलट ती आता सगळ्याच कुत्र्यांना घाबरायला लागली. शाळेच्या वाटेवर लांबून कुत्रं दिसलं तरी माझा पदर धरायची, पळायला बघायची. पळालं की कुत्री मागे लागायची, आणि ती आणखी घाबरायची. अंगणातसुद्धा ती भिंतीच्या कडेकडेनं जायची. रात्री जखम ठणकायची नाही, पण ती झोपेत दचकायची. माझ्या सासरच्या बायका म्हणायच्या, "कुत्री ठेवलीसच कशाला गो?" खरं सांगायचं तर मलाही कधी कधी तसं वाटायचं.

मुक्ताच्या बाबांनी तिला 'घाबरू नकोस' असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी उडवीभोवती बांबू रोवून काथ्या बांधला. ती वाघीची हद्द. कुणी ओलांडायची नाही, त्यांनीही नाही. खायला ठेवायचं ते कुंपणाच्या बाहेरून सरकवायचं आणि मागे यायचं. संध्याकाळी झोडणीचं काम आटोपलं की ते मागच्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोतं टाकून बसायचे. मुक्ता त्यांच्या मांडीत.

"सांग, वाघी आज काय म्हणते?"

"ती झोपलीय."

"झोपलेल्याला उठवायचा का?"

"नाय."

"आता?"

"आता ती खातेय. खाताना जायचा नाय. आता तिनं जांभई दिली. तुमी जोरात बोललात म्हणून."

हा खेळ रोज चालायचा. डॉक्टरबाईंकडे पुढच्या इंजेक्शनांना गेलो की मुक्ता त्यांना हे सगळं सांगायची आणि त्या तिला आणखी काहीतरी शिकवायच्या. हलणारी शेपूट म्हणजे नेहमी आनंदच असतो असं नाही, ताठ उभी धरून नुसतं टोक हललं तर लांबच राहायचं. अनोळखी कुत्रं समोर आलं तर पळायचं नाही, खांबासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर आपल्या पायांकडे. पडलोच तर अंगाचं मुटकुळं करून मान आणि कान हातांनी झाकायचे. माणसाला मिठी मारली की प्रेम वाटतं, कुत्र्याला ती पकड वाटते. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, इतकी वर्षं दारात कुत्री आहेत, यातलं काहीच कसं दिसलं नाही आपल्याला?

वाघीच्या गुरगुरण्यावरून एकदा मी चिडले होते. मी कुंपणाजवळ काटक्या गोळा करत होते. ती गुरगुरली. मी काठी उगारली.

"नको," मुक्ताचे बाबा म्हणाले. "गुरगुरली म्हणून मारशील तर ती गुरगुरायचं सोडंल. मग न सांगता चावंल. त्यापेक्षा सांगू दे तिला."

मी काठी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे गेले. ती गप्प झाली. इतकं साधं होतं.

मग एक दिवस पहाटेचं धुकं निवळताना मी अंगण सारवत होते. मुक्ता पोत्यावर एकटीच बसली होती, बाबा आत चहा पीत होते. पिल्लं आता काथ्याखालून बाहेर येऊन गुरफटत खेळायची. वाघी उठली, अंग ताणलं आणि हळूहळू, वाकड्या वाटेनं, जणू दुसरीकडेच चाललीय अशी, मुक्ताकडे आली. माझा शेणाचा हात थांबला. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण दारात येऊन उभे राहिलेल्या त्यांनी मान हलवली. मुक्ता हलली नाही. हात मांडीवर, नजर खाली. वाघीनं तिचा हात हुंगला, खपली धरलेली जागा हुंगली. मग तिच्या पावलांवर हनुवटी टेकून बसली. कितीतरी वेळानं मुक्तानं एक बोट पुढे केलं आणि वाघीच्या छातीवर, वरून नाही, खालच्या बाजूनं फिरवलं. थांबली. वाघीनं नाकानं तिचा हात ढकलला. मग पुन्हा फिरवलं.

"ती हो म्हणाली," मुक्ता म्हणाली. हळू, आपल्याशीच.

पौषात म्हशाची जत्रा भरली. रात्रंदिवस आमच्या गावावरून बैलांच्या जोड्या जायच्या, घुंगरांचा आवाज घरात यायचा. आम्ही मुक्ताला पाळण्यात बसवलं, घोंगडीच्या दुकानांतून हिंडलो, गरम भजी खाल्ली. बैल बघायला आलेली ओळखीची माणसं आमच्याकडे टेकायची, आणि एकेक करत पिल्लं मागून घेऊन गेली. मुक्ता प्रत्येकाला दारात अडवायची. पिल्लू मडक्यात तोंड घालून खात असलं तर हात लावू नका. पोरांना सांगा शेपूट ओढायची नाय. मुरबाडला नेऊन टोचून आणा. डोक्याला पटका बांधलेली मोठमोठी माणसं त्या एवढ्याशा पोरीचं ऐकून घ्यायची आणि मान डोलवायची.

त्यानंतर कितीतरी हिवाळे आले. मुक्ता मोठी झाली. तिच्या शिक्षणासाठी आम्ही शहापूरला दोन खोल्या घेतल्या. आता ती पुण्यात नोकरी करते, दिवाळीला येते, फोनवर घाईत बोलते. जमीन बाळूदादा बघतात. मी इथे एकटी. पण त्या हिवाळ्यानं मला जे दिलं ते कुत्र्यांपुरतं राहिलं नाही.

मुक्ता दहावीत होती. मुक्ताचे बाबा कधी कसली तक्रार करणाऱ्यातले नव्हते. पण ताटातली अर्धी भाकरी उरायला लागली. बोलता बोलता ते मान वळवून खिडकीकडे बघायचे. कुणी पाठीवर थाप मारली तर किंचित आक्रसायचे आणि लगेच हसायचे. दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. मला दिसलं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते काही नाही म्हणाले असते. मी सरळ पिशवी भरली आणि त्यांना मुंबईला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हातात काहीच उरलं नसतं. त्यामुळे आम्हाला आणखी दोन हिवाळे मिळाले.

ते दोन्ही त्यांनी गावच्या घरीच काढायचे ठरवले. वाघी म्हातारी झाली होती, तोंडाशी पांढरी. ती त्यांच्या खाटेखाली पडून असायची. भेटायला येणारी माणसं खाटेवर धपकन बसली की गुरगुरायची. माणसं उठून खुर्चीवर बसायची. मुक्ताच्या बाबांना त्यानं बरं वाटायचं. दुखतंय, खाटेवर बसू नका, असं त्यांनी स्वतः कुणालाही म्हटलं नसतं.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यातली एक सकाळ आहे. वालाला शेंगा धरल्या होत्या. मी त्यांची खाट अंगणात, उन्हाच्या पट्ट्यात आणून ठेवली होती. मुक्ता सुटीला आली होती, आत अभ्यास करत होती. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून शेंगा सोलत होते. काहीतरी ओठांशी येत होतं आणि मागे जात होतं, हे मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं. मी वर बघितलं नाही. शेंगा सोलत राहिले. टोपली निम्मी भरली.

"मला भीती वाटते गो," ते म्हणाले.

संसाराच्या इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं.

"मला पण," मी म्हटलं.

त्यांनी हात खाली सोडला आणि मी तो धरला. ऊन अंगणात सरकत गेलं, तशी मी त्यांची खाट सरकवत गेले, चाफ्यापर्यंत, मग गोठ्याच्या भिंतीपर्यंत, ऊन संपेपर्यंत.